मुंगीची चरबी

ता. ४, सोमवार

ही वही मला मापवालीने दिली. पुढच्या पानांवर नात काय खाते, किती खाते ते लिहायचं, असं तिचं फर्मान. मी म्हटलं, बाई, माझी शाळा तिसरीत आटोपली, माझी अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय. ती म्हणाली, कोंबडीचे पाय वाचता येतात मला. तेव्हा पुढून खाणं लिहिते आणि मागून हे. हे तिच्यासाठी नाही, कोणासाठीच नाही. घरात बोलायला माणूस नाही आणि भिंतीशी बोललं की लोक दवाखान्यात नेतात.

नात म्हणजे मुंगी. खरं नाव कागदोपत्री आहे, ते तिथेच असू दे. चण लहान आणि चावरी, म्हणून मुंगी. एकोणीस वर्षांची आहे, बॉक्सिंग खेळते. तिची आई ती शाळेत जायच्या आधीच वारली. घरात आम्ही तिघं: मी, मुंगी आणि माझे चिरंजीव. चिरंजीव म्हणजे तिचा बाप. टायरच्या दुकानात काम करतो, दिवसभर टायरला हातोडे मारतो आणि घरी आल्यावर हात शांत ठेवायला त्याला जड जातं.

वीस तारखेला निवडीची लढत आहे. जिंकली तर खेळाडूच्या जागेवर सरकारी नोकरी, जन्माची. गट चोपन्न किलोचा आणि मुंगी अठ्ठावन्न. मास्तर, म्हणजे तिला शिकवणारा, म्हणतो की वरच्या गटात एक पोरगी आहे, तिचा ठोसा म्हणजे घण, तिच्यापुढे मुंगीचा चेंदा होईल. म्हणून खाली उतरायचं.

आज क्लबात माप घेतलं. मापवाली आहारशास्त्राच्या कॉलेजातली, स्वतः काडी. ती एका चिमट्यात कातडी धरते. दंडाच्या मागे, पाठीच्या पात्याखाली, कंबरेवर, मांडीवर. चिमट्यावर आकडा येतो, त्यावरून अंगात चरबी किती ते काढतात. चिमटा म्हणाला सोळा टक्के. मग मास्तरने आपलं मशीन आणलं. काचेची पाटी, तिच्यावर अनवाणी उभं राहायचं, हातात दोन मुठी धरायच्या, अंगातून वीज जाते पण कळत नाही. मशीन म्हणालं एकवीस. मापवाली चिमट्याच्या बाजूने काही बोलायला लागली तर मास्तर म्हणाला, चिमट्याला हात लागतो माणसाचा, मशीनला कोण लाच देणार. मला ते पटलं. एकवीस म्हणजे काढण्यासारखं पुष्कळ आहे.

ता. ६, बुधवार

क्लबात जाऊन बसले. मास्तर मुंगीला पोरांबरोबर लढवतो, तिच्याहून दीडपट पोरं. त्याचं म्हणणं, वजन घामाने उतरलं नाही तर माराने उतरतं. एकाने तिच्या बरगडीत दिला, ती वाकली, वाकल्या वाकल्या त्याच्या पोटात दोन घातले आणि तोंडात तिसरा. त्याचा ओठ फाटला, तिचं नाक फुटलं. दोघांचं रक्त एकाच फडक्याने पुसलं. शेजारी बसलेली एक बाई तोंड फिरवून बसली होती. मी नाही फिरवलं. खोटं कशाला लिहू, मला आवडतं. आमच्या घराण्यात मार खाणाऱ्या पुष्कळ झाल्या, देणारी ही पहिली.

ता. ११, सोमवार

मास्तरचे नवे हुकूम. मीठ बंद, भात बंद, पाणी वाटीने मोजून. सकाळी अंगात प्लास्टिकचा अंगरखा घालून धावायचं. घरी पहारा माझ्याकडे. मी नळाच्या तोंडाला फडकं बांधून शेजारी खुर्ची टाकून बसले आहे. राखण करायला मी पहिल्यापासून पक्की.

दुपारी न्हाणीघरातून आवाज आला. बघते तर मुंगी बादलीतलं अंघोळीचं पाणी मगने पितेय. मग हिसकावला. ती म्हणाली, आजी, एकच घोट. मी म्हटलं, एकच घोट म्हणणारे दारुडे मी पाहिलेत. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मग दोन्ही हातांनी धरला.

लघवी काळ्या चहासारखी होतेय म्हणाली. म्हटलं, चांगलंय, उष्णता बाहेर पडतेय.

वजन मात्र उतरलं. छप्पन्न.

ता. १३, बुधवार

आज घरात जे झालं ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी नाही म्हणायला नको.

मी दळण आणायला गेले होते. मागे मास्तरचा चिरंजीवांना फोन आला. मास्तर म्हणाला, तुमच्या मुलीची चरबी वाढलीय, उतरवायला हवी, घरी जरा लक्ष द्या. एवढंच बोलला आणि फोन ठेवला. चिरंजीवांना वाटलं, पोरगी मास्तरला उलट बोलली, माजली. त्यांनी लक्ष दिलं. मी दळण घेऊन दारात पोचले तेव्हा ती कोपऱ्यात होती, दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरून, ठोसे अडवतात तसे, आणि हा कंबरेचा पट्टा काढून हातांवर, पाठीवर मारत होता. प्रत्येक फटक्याला विचारत होता, चरबी आली? चरबी आली? ती म्हणत होती, हो बाबा, तीन टक्के. तो म्हणायचा, वर तोंड करून सांगतेस, आणि आणखी मारायचा.

मी दळण खाली ठेवलं. सांडू दिलं नाही. लाटणं घेतलं आणि त्याच्या मनगटावर हाणलं. हाडाचा आवाज आला तसा पट्टा गळला. मग त्याला समजावलं की बाबा, मशीनवर आज चोवीस आलेत, परवापर्यंत एकवीस होते, मास्तर त्या चरबीबद्दल बोलला. चिरंजीव मनगट धरून उभे. म्हणाले, "म्हणजे चरबी म्हणजे नुसती चरबी?"

मी म्हटलं, नुसती.

संध्याकाळी तो तिच्यासाठी केळी घेऊन आला. तिला केळी बंद आहेत. तिने ती बघितली आणि मला म्हणाली, आजी, ही समोरून उचल. चिरंजीवांनी स्वतःच खाल्ली, एकामागून एक, भिंतीकडे तोंड करून.

एक गोष्ट मला कळत नाही. पोरगी खात नाही, पीत नाही, वजन खाली येतंय. मग चरबी वाढते कशी? चोरून खाते म्हणावं तर घरात चोरण्यासारखं काय आहे. बहुतेक क्लबात कोणी देत असेल. लक्ष ठेवलं पाहिजे.

ता. १५, शुक्रवार

मापवाली वहीची पुढची पानं बघायला आली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. मुंगीची पाठ बघितली, चिमटा लावायला जागा शोधू लागली तर सगळीकडे पट्ट्याचे वळ. कसं तरी माप घेतलं. चिमट्याने चौदा. मी म्हटलं, तुझा चिमटा चौदा म्हणतो आणि तिकडे मशीन चोवीस, तुम्ही आधी आपसात ठरवा.

मग तिने सांगितलं. मशीनला चरबी दिसतच नाही म्हणे. ते अंगातून वीज सोडतं, वीज पाण्यातून पळते, त्यावरून पाणी किती ते ताडतं. पाण्यावरून मांस किती ते धरतं आणि वजनातून वजा जाऊन जे उरतं त्याला चरबी म्हणतं. पाणीच कमी झालं की मशीनला वाटतं, मांस कमी, चरबी जास्त. चिमटाही काही देवाचा अवतार नाही म्हणाली, दोन-तीन टक्के तोही चुकतो, पण तो निदान चरबीलाच हात घालतो.

मी म्हटलं, म्हणजे तहानलेला माणूस मशीनला लठ्ठ दिसतो.

ती हो म्हणाली.

म्हटलं, मग मास्तरला का नाही सांगत? सांगितलं म्हणाली. मास्तर म्हणाला, मशीनची किंमत तुझ्या कॉलेजच्या फीपेक्षा जास्त आहे, तू माप घे आणि गप्प बस. आणि ती बसली. मी तिला बोलले ते इथे लिहीत नाही, अक्षरं लाजतील.

पण तीही सुशिक्षित आणि तोही. मला काय कळतंय. तो बावीस वर्षं पोरं घडवतोय, भिंतीवर त्याचे फोटो आहेत, त्यात पदकं आहेत. ही कालची पोरगी. नोकरी तो देणार, ही नाही. फडकं नळाला तसंच ठेवलं.

ता. १८, सोमवार

सव्वीस टक्के. वजन पंचावन्न.

मास्तरने सगळ्यांसमोर उड्या मारायच्या दोरीने तिच्या पोटऱ्यांवर मारलं. दोरीच्या मुठी लाकडाच्या आहेत. दर उडीला, पाय खाली आला की एक. बाकीच्या पोरींना मोजायला लावलं. मी समोरच बसले होते. चिरंजीवही होते, दुकानातून सुट्टी काढून आलेले. ते म्हणाले, आई, गप्प राहा, दोनच दिवस राहिलेत.

घरी आल्यावर मुंगी सरळ नळाकडे गेली. मी खुर्चीतून उठून आडवी आले. तिने मला ढकललं. मी पडले, खुर्चीची कड लागून कपाळाला खोक पडली, रक्त डोळ्यात आलं. या पोरीच्या एका धक्क्याने दीडपट पोरगा दोरांवर जाऊन आदळलेला मी पाहिलाय. आज मी पडले ती पाय घसरून. धक्क्यात काहीच नव्हतं. वाळलेलं पान अंगावर पडावं तसा हात लागला.

ती नळाचं फडकं सोडायला लागली तर तिची बोटं वळेनात. मग माझ्या शेजारीच जमिनीवर बसली. रडत होती बहुतेक, पण डोळे कोरडे.

मी फडकं सोडलं. पेला भरून दिला. तिने नाही घेतला. म्हणाली, आता नको, आता एकच किलो राहिलंय. एवढे दिवस मी द्यायचं नाही आणि ती मागायची, आज मी देतेय तर ती घेत नाही.

ता. २०, बुधवार

वजनाचा दिवस. सकाळी वजन, दुपारी लढत. मास्तर आणि चिरंजीव तिला उजाडताच घेऊन गेले, मला नको म्हणाले. मी घरी भांडी घासत बसले. मापवालीचा शेजारच्यांकडे फोन आला. म्हणाली, आजी, या, लगेच या. रिक्षाने गेले.

क्लबाच्या मागे न्हाणीघर आहे. गरम पाण्याचे सगळे नळ सोडलेले, दाराच्या फटीतून वाफ बाहेर. आत मुंगी, अंगात तो प्लास्टिकचा अंगरखा. बाहेर मास्तर दाराला पाय लावून उभा, हातात घड्याळ. दुसऱ्या बाजूने दाराला खांदा लावून माझे चिरंजीव. आतून दारावर थापा पडत होत्या. बॉक्सरच्या नाहीत, मांजराने पंजा मारावा तशा.

मापवाली मास्तरचा दंड ओढत होती, त्याने तिला कोपराने उडवलं. चष्मा फुटला तिचा. मी चिरंजीवांना म्हटलं, बाजूला हो. तो म्हणाला, "आई, आठशे ग्रॅम फक्त." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि खांदा दारावर होता. दोन्ही खरं होतं.

तेवढ्यात थापा थांबल्या. मास्तर म्हणाला, बघा, शांत झाली, सवय होते.

भिंतीला वजनाच्या लोखंडी चकत्या लावून ठेवल्या होत्या. त्यातली मला झेपेल ती उचलली. मारायला म्हणून हात वर करणं माझ्या वयात जमत नाही. म्हणून नुसती पोटाशी धरून चालत गेले आणि त्याच्या पायावर, जो दाराला लावला नव्हता त्याच्यावर, सोडली. कडेने पडली. दाराला लावलेला पाय आपोआप सुटला. तो इतका ओरडला की बाहेरची पोरं धावत आली. मग मी चिरंजीवांकडे वळले, तर ते आधीच सरकले होते.

दार उघडलं. मुंगी फरशीवर. डोळे पांढरे, दात एकावर एक घट्ट बसलेले, टाचा फरशीवर आपटत होत्या. मापवालीने तिला कुशीवर वळवलं आणि अंगरखा फाडून काढला. आत पाठ उकडल्यासारखी लाल. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी तिचं डोकं धरलं, फरशीवर आपटू नये म्हणून. मास्तर दारात बसून आपल्या पायाला शिव्या देत होता. वजन कोणी घेतलं नाही.

ता. २१, गुरुवार

सलाईनच्या बाटल्या लागतायत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंडांनी काम थांबवत आणलं होतं. मला विचारलं, घरी पाणी कोण देत होतं? मी म्हटलं, मी. देत नव्हते ते मीच. त्यांनी लिहून घेतलं. घेऊ दे.

ता. २४, रविवार

आज लघवीचा रंग सुधारला. मुंगी बोलली. पहिलंच वाक्य: "दार का उघडलंस? आठशे ग्रॅमच होते."

मी म्हटलं, मरत होतीस.

म्हणाली, मरणार नव्हते, वजनात बसणार होते.

तोंड फिरवून झोपली. या पोरीला जीव वाचवल्याचा राग आहे आणि मला तिचा राग कळतो, ही पंचाईत. नोकरी गेली ती माझ्या हातून गेली, असं तिचं म्हणणं. चिरंजीव दाराशी उभे राहून परत जातात, आत यायचा धीर होत नाही.

संध्याकाळी त्यांनी निरोप आणला. मास्तरच्या पायाची दोन बोटं मोडली. तो पोलिसांत जाणार नाही. आजारी पडलेल्यांची लढत पुन्हा घेणार आहेत, तिथे मुंगीचं नाव पाठवायला तो तयार आहे. एकच अट. म्हातारीने क्लबात येऊन सगळ्यांसमोर माफी मागायची.

मी म्हटलं, त्याला सांग, दुसरा पायही पुढे कर. मुंगी तिकडे तोंड करूनच म्हणाली, "जा आजी. माझ्यासाठी माग."

बरं म्हटलं.

ता. ३०, शनिवार

मुंगीला घेऊन क्लबात गेले. चिरंजीव, मापवाली, सगळे होते. मास्तर खुर्चीत, पाय प्लास्टर घालून स्टुलावर. पोरी भिंतीला ओळीने उभ्या. मशीनवर एक नवी पोरगी होती, सोळा-सतरा वर्षांची, ओठ सुकून फुटलेले.

मी माफी मागितली. हात जोडून, सरळ मागितली. जीभ झडली नाही. मास्तर दिलदारपणे म्हणाला, आजी, मोठ्यांनी माफी मागायची नसते, विसरलो मी सगळं. पोरींनी टाळ्या वाजवल्या, वाजवायला सांगितलं होतं म्हणून. मुंगीने माझ्याकडे बघितलं, हसलीसुद्धा जराशी. मला वाटलं, चला, नोकरीचं बघता येईल.

मग मास्तर म्हणाला, ये मुंगी, बघू कुठे आलीस. ती मशीनवर उभी राहिली. मुठी धरल्या. सतरा.

मापवाली मोठ्याने म्हणाली, बघा, पाणी भरलं अंगात. पण मास्तरचा चेहरा उजळला होता. त्याने टाळी वाजवली. म्हणाला, सव्वीसवरून सतरा, यालाच म्हणतात उपचार लागू पडणं. जरा ताणलं गेलं, पण चरबी गेली की नाही? पोरींनो, हिच्याकडे बघा. मग नव्या पोरीकडे वळून म्हणाला, तू तेवीस आहेस ना, जा, अंगरखा घाल, न्हाणीघर तापलंय.

पोरगी अंगरखा घ्यायला वाकली.

मुंगी मशीनवरून उतरली. मला वाटलं, चपला घालायला चालली. ती मास्तरच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली, पाय नीट रोवले, त्यानेच शिकवलं होतं तसे, आणि उजवा हात घातला. हातात मोजा नाही, पट्टी नाही. जबडा सरकल्याचा आवाज आला आणि तिच्या हातातलं काहीतरी तुटल्याचाही. खुर्ची त्याच्यासकट मागे गेली. प्लास्टरचा पाय वर. तोंडातून रक्त आणि एक दात. ती त्याच्यावर वाकून दुसरा घालणार तोच तिने हात बघितला. तो भलत्याच जागी वाकला होता.

मग त्या नव्या पोरीला म्हणाली, ठेव तो अंगरखा. नळ कुठे आहे, माहितेय ना?

पोरगी पळाली. भिंतीच्या दोघी-तिघीही तिच्यामागे पळाल्या. आतून नळाचा आवाज येत राहिला.

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई. एक्सरे काढला, करंगळीमागचं हाड मोडलंय. म्हणाल्या, कशावर मारलं? मी म्हटलं, माफी मागायला गेलो होतो. त्यात झालं.

आता खेळायला बंदी येईल. नोकरी नाहीच. मास्तर या वेळी पोलिसांत जाईल, गेलाही असेल. मापवाली म्हणाली, ती सगळी मापं घेऊन साक्षीला येणार. चष्म्याची एक काच अजून फुटकीच आहे तिची, येऊ दे.

ता. ३१, रविवार

मुंगी उठल्या उठल्या म्हणाली, भूक लागलीय. कितीतरी दिवसांनी. मी चिरंजीवांना म्हटलं, ऊठ, पातेलं चढव. माझी कंबर धरलीय. कंबर धरली नव्हती.

त्यांनी भात केला, डाळ केली, अंडी उकडली. मीठ सढळ. सगळं एका ताटात कालवून आणलं आणि तिच्या समोर बसले. तिचा उजवा हात गळ्यात अडकवलेला. ताट मांडीवर घेऊन, चमचा भरून त्यांनी हात पुढे केला. लहानपणी भरवायचा तसा. मनगटावर माझ्या लाटण्याची काळपट खूण अजून होती.

मुंगीने चमच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"ठेवा तो चमचा, बाबा," म्हणाली. "डावा आहे अजून मला."

त्याने चमचा ताटात ठेवला, ताट तिच्याकडे सरकवलं आणि बसल्या बसल्या हातभर मागे झाला. ती जेवायला लागली.